चिखलातली शर्यत आणि एक निळा फुगा

मुलांनो, पाऊस आला की काय काय थांबतं, जरा आठवून पाहा. क्रिकेट थांबतं. पतंग थांबतो. शाळेच्या मैदानावरची कवायत थांबते (आणि त्याचं कोणाला फारसं वाईट वाटत नाही!). पण एक शर्यत अशी आहे, की ती पावसाला जुमानत नाही. उलट मैदान ओलंचिंब झालं की तिला खरी रंगत येते.

ही शर्यत मोटारींची आहे. मात्र या मोटारीत कोणी बसत नाही. बसणार तरी कसं? गाडीची लांबी 40 सेंटिमीटरच्या आसपास आणि वजन साधारण दीड किलो! खऱ्या गाडीच्या एक दशांश मापाच्या या गाडीला बग्गी म्हणतात. ती चालवणारा एका उंच मचाणावर उभा असतो आणि त्याच्या हातात असतो ट्रान्समीटर. त्यातून निघालेले रेडिओचे इशारे गाडीतला रिसीव्हर पकडतो आणि दोघांना हुकूम सोडतो. एक सर्वो, जो पुढची चाकं वळवतो. दुसरा स्पीड कंट्रोलर, जो मोटरला किती वीज द्यायची ते ठरवतो. झालं, एवढ्यावर ही चिमुकली गाडी ताशी 50 किलोमीटरने सहज पळते. दुकानात मिळणारी खेळण्यातली गाडी डोळ्यांपुढे आणू नका बरं का! या गाडीचा प्रत्येक स्क्रू काढता येतो, प्रत्येक स्प्रिंग बदलता येते.

आम्ही इंग्लंडमध्ये लेस्टर शहरात राहतो. माझ्या मुलीला, म्हणजे आमच्या तेरा वर्षांच्या चिंगीला, दोन वर्षांपासून या बग्गीचं वेड लागलं आहे. वेड हा शब्द मी विचार करून वापरते आहे. माझा भुवया कोरायचा चिमटा, जुने टूथब्रश, चहाचं गाळणं, सगळं तिच्या हत्यारांच्या डब्यात गेलं आणि त्यातलं काहीही परत आलं नाही.

हा खेळ मोठा झाला तो जपान, अमेरिका आणि इंग्लंडमध्ये. जपानच्या तामिया कंपनीने 1979 साली सँड स्कॉर्चर आणि रफ रायडर या वाळूत पळणाऱ्या बग्ग्या काढल्या. 1984 साली अमेरिकेत आर.सी. 10 नावाची गाडी आली आणि खेळण्याचं रूपांतर शर्यतीच्या यंत्रात झालं. 1987 साली इंग्लंडमधल्या रोमसी गावात जागतिक स्पर्धा झाली. तिथे चारही चाकं फिरणाऱ्या गाड्यांच्या गटात मासामी हिरोसाका हा जपानी मुलगा जिंकला. विशीसुद्धा गाठली नव्हती त्याने! आणि गंमत म्हणजे त्याची गाडी होती शूमाकर या इंग्लिश कंपनीची. चिंगीच्या पलंगामागच्या भिंतीवर हिरोसाकाचं चित्र आहे. आमच्या घरात त्याला ‘मासामीदादा’ म्हणतात.

इंग्लंडात पाऊस कधी येईल त्याचा नेम नाही. आपल्याकडच्यासारखा तो जून ते सप्टेंबर असा वेळापत्रकाने येत नाही. त्यामुळे गवताच्या मैदानावर शर्यत ठेवली आणि पाऊस आला, तर क्लबवाले छत्र्या उघडतात आणि पुढच्या गटाला बोलावतात. गाड्या मात्र छत्रीखाली नसतात.

जुलै महिन्यात असंच झालं. दुपारी आभाळ फाटलं. तिसऱ्या फेरीत चिंगीची बग्गी वळणावर अचानक उभी राहिली. तिने ट्रान्समीटरचा खटका दाबला, सोडला, पुन्हा दाबला. गाडी ढिम्म! घरी आणून झाकण उघडलं, तर आतून अर्धा पेला गढूळ पाणी निघालं. स्पीड कंट्रोलर कायमचा गेला होता. वर्षभर शेजाऱ्यांच्या बागेतलं गवत कापून तिने त्याचे पैसे जमवले होते.

खूप रडली. दुसऱ्या दिवशी तिच्या बाबांनी आणि मी मिळून ठरवलं, की अर्धे पैसे आम्ही घालू, अर्धे तिने वाढदिवसाच्या पैशांतून घालायचे. पण हा शेवटचा. हाही बुडाला, तर यंदाचा मोसम संपला. मोसमाची शेवटची शर्यत होती सप्टेंबरात. तोवर ती एकदाही अंतिम फेरीच्या ‘सी’ गटातून वर गेली नव्हती. ‘बी’ गटात जायचं, हे तिने वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहून ठेवलं होतं.

त्या उन्हाळ्यात माझे वडील चिपळूणहून आमच्याकडे राहायला आले होते. आयुष्यभर त्यांनी एस.टी.च्या गाड्या दुरुस्त केल्या. कुंभार्ली घाटात, भर श्रावणात, गाडीखाली आडवं पडून काम केलेला माणूस! बग्गी पाहून ते आधी हसले. मग त्यांनी चष्मा लावला. मग खुर्ची पुढे ओढली. मी ओळखलं, आता हे दोघं जेवायला हाक मारल्याशिवाय उठत नाहीत.

चिंगीचा बेत सोपा होता. पाणी आत येतं ना? मग सगळं बंद करून टाकायचं! तिने चिकटपट्टीचं एक अख्खं रीळ संपवलं. झाकण आणि तळ यांच्यामधली प्रत्येक फट बुजवली.

‘‘आजोबा, आता बघा. एक थेंब जाणार नाही आत.’’

‘‘बघू या की,’’ आजोबा म्हणाले. ‘‘आत टिपकागदाचे तुकडे ठेव. चार कोपऱ्यांत चार. आणि मग बागेतली नळी सोड गाडीवर.’’

नवा स्पीड कंट्रोलर तेव्हा सुरक्षितपणे कपाटात होता, हे सांगायला नको. पाच मिनिटं पाण्याचा मारा केल्यावर झाकण उघडलं. चारही कागद भिजलेले, आणि तळात पाणी साचलेलं.

‘‘पण मी तर सगळं बंद केलं होतं!’’

‘‘म्हणूनच साचलं,’’ आजोबा म्हणाले. ‘‘अगं, चाकं फिरायला भोकं लागतात, दांडे बाहेर यायला भोकं लागतात. पाणी तिथून येणारच. तू त्याची बाहेर जायची वाट तेवढी बंद केलीस. आपल्या कोकणातलं घर बघितलंस ना? पाऊस आत येणार नाही अशी कौलं नसतात कुठे. पण अंगणाला उतार असतो आणि कडेला पन्हळ असतो.’’

मग दोघांनी वेगळा विचार केला. चिकटपट्टी फक्त पुढच्या बाजूला ठेवली, जिथे चाकांनी उडवलेलं पाणी आपटतं. मागे तळाला दोन बारीक भोकं पाडली. गाडीने वेग घेतला की आतलं पाणी आपोआप मागे सरकतं आणि तिथून गळून जातं. तळातले जे रिकामे कोनाडे होते, त्यांत स्पंजाचे तुकडे कापून बसवले, म्हणजे तिथे चिखलाला बसायला जागाच नको. हा स्पंज साधा नाही बरं का! साधा स्पंज पाणी पितो. बंद बुडबुड्यांचा स्पंज घ्यावा लागतो, पोहायला शिकताना पाठीला बांधतात त्या ठोकळ्यासारखा.

रिसीव्हरचं काय? तो तर ओला होऊन चालणारच नाही. इथे कामी आला एक निळा फुगा. वाढदिवसाचा! फुग्याचं तोंड ताणून रिसीव्हर आत सरकवायचा, तारा बाहेर काढायच्या, तोंडाशी थोडं ग्रीस लावायचं आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने आवळून टाकायचं. जुने खेळाडू कितीतरी वर्षांपासून ही युक्ती करत आले आहेत. मात्र शर्यत संपली की फुगा काढायचा. आतल्या हवेतला दमटपणा गार पडल्यावर थेंब होऊन बसतो, थंड पाण्याच्या पेल्याला बाहेरून थेंब येतात ना, तसा.

‘‘मग स्पीड कंट्रोलरलाही फुगा घालू,’’ चिंगी म्हणाली. पण तसं करता येत नाही. स्पीड कंट्रोलर काम करताना तापतो, त्याला वारा लागतो. फुग्यात तो गुदमरून जळेल. त्याच्या आतल्या पट्टीवर विजेच्या उपकरणांसाठी मिळणारा पातळ लेप द्यायचा आणि त्याला शक्य तेवढ्या उंचावर बसवायचं, हाच उपाय. सर्वोच्या सांध्यांवर ग्रीस. बॅटरीच्या जोडांवरही. या गाड्यांच्या लिथियम बॅटऱ्या जपून हाताळाव्या लागतात. फुगलेली किंवा चेपलेली बॅटरी आमच्याकडे कोणी चार्जरला लावत नाही, लगेच मोठ्यांच्या ताब्यात द्यायची असा नियम आहे.

आता टायर. मला सगळ्यात आवडलेली गोष्ट ही.

या टायरमध्ये हवा भरलेली नसते. आत स्पंजाचं कडं असतं, आणि आतली हवा दबून बाहेर जावी म्हणून चाकाला बारीक भोकं असतात. पावसात त्याच भोकांतून पाणी आत शिरतं, स्पंज ते पितो आणि चाक जड होतं. जड चाक लवकर पळत नाही आणि लवकर थांबतही नाही. आजोबांनी ओलं टायर हातात घेऊन पिळलं, तर धार लागली!

त्याच वेळी स्वयंपाकघरात कपडे धुवायचं यंत्र शेवटचा गरका घेत होतं. आजोबा उठून त्याच्यापाशी गेले. यंत्र थांबल्यावर दार उघडून त्यांनी आतल्या डब्याला हात लावला.

‘‘चिंगे, ह्याला किती भोकं आहेत बघ. डबा गरगरा फिरतो आणि कपड्यांतलं पाणी भोकांतून बाहेर फेकलं जातं. तुझं चाक ह्याच्यापेक्षा हळू फिरतं की जोरात?’’

चिंगीने हिशेब केला. चाक खूप जोरात फिरतं. मग तिने चाकाची भोकं चिकटपट्टीने बुजवली आणि पट्ट्याला भोक पाडायच्या पंचाने टायरच्या बाहेरच्या पृष्ठभागावर, काट्यांच्या मधोमध, चार-चार भोकं पाडली. आता पाणी बाहेरून आत आलं, तरी फिरणारं चाकच त्याला भिरकावून देणार. पुढच्या आठवड्यात तिने ही युक्ती क्लबातल्या एका जुन्या खेळाडूला मोठ्या ऐटीत दाखवली. तो हसला आणि त्याने स्वतःचं टायर उलटं करून दाखवलं. तशीच चार भोकं! तिचा चेहरा थोडा पडला, पण आजोबा खूश झाले. ‘‘म्हणजे आपण बरोबर वाटेवर आहोत,’’ म्हणाले.

टायरवरचे काटेही निरनिराळे असतात. कोरड्या मैदानाला बारीक, दाट काटे. ओल्या गवताला उंच आणि लांब-लांब अंतरावर असलेले काटे, म्हणजे ते गवतातून खाली मातीत रुततात आणि मधल्या जागेत चिखल अडकून बसत नाही. भातलावणीला जाणाऱ्या माणसाला गुळगुळीत तळव्याची चप्पल चालते का?

खरा वाद झाला तो यापुढच्या गोष्टीवर. चिंगीचं म्हणणं, की ओल्या मैदानावर सगळे हळू जातील, तेव्हा आपण मोटर आणखी जोरात पळवू आणि पुढे जाऊ. आजोबांनी मान हलवली. चाकाला पकड नसेल, तर जास्त जोर म्हणजे जास्त घसरणं. चिखलात रुतलेल्या एस.टी.चा ड्रायव्हर अॅक्सिलरेटर दाबत राहिला, तर चाक जागच्या जागी खड्डा खणतं. हे मीही लहानपणी खिडकीतून पाहिलेलं आहे.

म्हणून त्यांनी गाडी मऊ केली. कडक स्प्रिंग काढून मऊ स्प्रिंग घातल्या. शॉक अॅब्सॉर्बरमधलं 35 नंबरचं सिलिकॉनचं तेल काढून 30 नंबरचं, म्हणजे जरा पातळ तेल भरलं. थंडीत तेल थोडं घट्ट होतं, त्याचाही हिशेब त्यात आला. मागच्या दोन चाकांना जोडणारी आडवी तार काढून टाकली, म्हणजे दोन्ही चाकं आपापली जमीन शोधायला मोकळी. हे सगळं कशासाठी? गाडी वळताना तिचं ओझं बाहेरच्या चाकांवर येतं. स्प्रिंग कडक असेल, तर ते एकदम आदळतं आणि टायर सुटतं. मऊ असेल, तर हळूहळू येतं आणि टायरला जमीन धरायला वेळ मिळतो. कोरड्या मैदानावर अशी गाडी डुलत डुलत, आळशासारखी चालली असती. चिखलात मात्र तिला तेच हवं असतं.

गाडीचं पोट जमिनीपासून 20 मिलिमीटरवर होतं, ते 24 केलं. मोटरच्या टोकाचं 22 दातांचं दातेरी चाक काढून 20 दातांचं बसवलं. याने वेग कमी होतो, पण चिखल ओढताना मोटरवर ताण येत नाही. आणि स्लिपर क्लच पाव फेरा सैल केला, म्हणजे खटका एकदम दाबला गेला, तरी तो जरा घसरतो आणि चाकाला झटका बसत नाही. चिंगीने सगळं वहीत लिहिलं. ‘‘आपण गाडी हळू केली, आजोबा,’’ शेवटी ती नाराजीने म्हणाली. आजोबा काही बोलले नाहीत. त्यांनी चहा मागितला.

सप्टेंबरातल्या त्या रविवारी सकाळपासून झिमझिम होती. एकूण 27 गाड्या. चार पात्रता फेऱ्या, प्रत्येक पाच मिनिटांची. पाच मिनिटं संपली, तरी चालू असलेला लॅप पुरा करायचा असतो. गाडीत बसवलेलं एक छोटं यंत्र रेषा ओलांडताना आपोआप लॅप मोजतं. चिंगी कोरड्या मैदानावर एक लॅप 24 सेकंदांत पुरा करायची. त्या दिवशी पहिल्या फेरीत तिला 30 सेकंद लागत होते. ट्रान्समीटरवर पारदर्शक पिशवी चढवलेली, पिशवीत तिचे दोन्ही हात, आणि नाकाच्या शेंड्यावरून पाणी टपकतंय.

या खेळात एक नियम मला फार आवडतो. तुमची फेरी संपली, की पुढच्या फेरीला तुम्ही मैदानावर वळणापाशी उभं राहायचं आणि ज्यांची गाडी उलटेल, त्यांची धावत जाऊन सुलटी करायची. त्याला मार्शल म्हणतात. यातून कोणाची सुटका नाही, पहिला येणाराही उभा राहतो. पावसात हे काम मोठं कठीण. चिंगी दोनदा घसरून पडली, तरी उठून धावली. गुणतक्त्यात तिच्या लगेच पुढे असलेल्या मुलाची गाडी उलटली, तीही तिनेच सुलटी केली. मी छत्रीखालून बघत होते. तिने क्षणभरही वेळ काढला नाही, हे मला तिच्या लाल शाईतल्या वाक्यापेक्षा मोठं वाटलं. पण ते मी तिला तेव्हा सांगितलं नाही, तिला ऐकायला फुरसत नव्हती.

दुपारपर्यंत गाड्या एकेक करून बाहेर पडू लागल्या. कोणाचा सर्वो गेला, कोणाची मोटर तापून बंद पडली. चिंगी प्रत्येक फेरीनंतर गाडी तंबूत आणायची, आजोबा बॅटरी काढून घ्यायचे, ती टूथब्रशने चिखल काढायची, टायर हाताने गरकन फिरवायची आणि भोकांतून उडालेलं पाणी आजोबांच्या चष्म्यावर जायचं. तिसऱ्या फेरीत तिचे लॅप 28 सेकंदांवर आले. गाडी डुलत होती, पण एकदाही उलटली नाही.

चार वाजता कागद लागला. तिचं नाव विसाव्या क्रमांकावर, म्हणजे ‘बी’ गटाच्या अगदी शेवटच्या जागी. तिने तो कागद तीनदा वाचला.

अंतिम फेरीत दहा गाड्या एकदम सुटल्या आणि पहिल्याच वळणावर चार एकमेकींवर चढल्या. सगळ्यांत मागे असल्यामुळे चिंगीला ते दिसलं. ती बाहेरच्या बाजूने, सावकाश, जवळजवळ चालत गेल्यासारखी निघून गेली. तिथेच ती सहावी झाली. मग पाच मिनिटं मी श्वास धरून होते. दोन गाड्या तिला मागे टाकून गेल्या. नंतर त्यांतली एक बंद पडली, पुढची आणखी एक चिखलात रुतली. ती सहावी आली. स्पीड कंट्रोलर जिवंत होता! तंबूत आल्यावर तिने पहिल्यांदा फुगा कापला. आत रिसीव्हर ठणठणीत कोरडा.

त्या रात्री जेवणं झाल्यावर दोघांनी गाडी पूर्ण सोडवली. बेअरिंगं काढून पुसली, पाणी हटवणारा फवारा मारला आणि वाळल्यावर थेंब थेंब तेल घातलं. एक रात्र तशीच ठेवली असती, तर सकाळी गंज दिसला असता. टायर पंख्याखाली ठेवले. निघालेला सगळा चिखल चिंगीने वर्तमानपत्रावर गोळा केला आणि माझ्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला. 190 ग्रॅम!

‘‘एवढं ओझं घेऊन पळत होती ती,’’ आजोबा म्हणाले. ‘‘कुठे बसला होता एवढा?’’

चिंगीने वही उघडली. मागच्या चाकांच्या दांड्यांपाशी 80, पुढच्या शॉक अॅब्सॉर्बरखाली 60, बाकी इकडेतिकडे. मग तिने दांड्यांचं चित्र काढलं आणि त्याभोवती एक प्रश्नचिन्ह. मी दिवा मालवायला सांगितलं, तेव्हा साडेअकरा वाजले होते आणि सोमवारी शाळा होती.